उखळ, साती आसरा आणि दगडाचं वऱ्हाड

अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांच्या अंगणात दगडाचे मोठाले हत्ती उभे आहेत. इतिहासाचे मास्तर त्यांना शिवलेणी म्हणायला लावायचे. आमच्यासाठी मात्र ते वऱ्हाड होतं. कोकणातून योगेश्वरी देवी निघाली, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं. वऱ्हाड अंबाजोगाईला उतरलं, मुहूर्त टळला आणि सगळे जागच्या जागी दगड झाले. परळी तिथून पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे वऱ्हाड जवळजवळ पोचलंच होतं. देवी तिथंच राहिली, कुमारी. वैजनाथ तिकडं. संपली गोष्ट.

लेकरांना सांगायची गोष्ट म्हणून आज ही कुणी पास करणार नाही. लग्न मोडलं, त्यात कुणाचा धड दोष नाही, उःशाप नाही, शेवटी कुणी येऊन दगडांना जिवंत करत नाही. वर पुरावा समोर उभा. त्या हत्तींच्या पायाशी बसून आम्ही पेरू खायचो आणि यातला नवरीचा मामा कोणता, यावर वाद घालायचो. ही गोष्ट कुणी ‘बालसाहित्य’ म्हणून सांगितलेली नव्हती. लेकरांसाठी वेगळी पुस्तकं असतात हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर मोठ्यांच्या ज्या गोष्टी, त्याच आमच्या.

त्या सांगायच्या जागा ठरलेल्या होत्या. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की तिथं. ज्वारी हुरड्यात आली की जागलीला, आगटीभोवती. पहाटे जात्यापाशी, अर्धवट झोपेत. जात्यावरची ओवी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली शेवटची पिढी बहुधा आमचीच. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून त्या आज ऐकायला तरी मिळतात. आमच्या गल्लीतल्या कुणी टिपल्या नाहीत, त्या विजेच्या गिरणीबरोबर गेल्या.

आणि श्रावणात शिवलीलामृत. श्रीधरांनी ते १७१८ साली बारामतीला पुरं केलं, आणि तेव्हापासून त्यातला चिलया बाळ मराठी मुलखातल्या लेकरांच्या मागं लागलेला आहे. आमच्या आजीला पोथी वाचता येत नव्हती. देवळात ऐकून ऐकून तिला सगळं पाठ, आणि तिचं सांगणं पोथीपेक्षा थेट. श्रियाळ राजाच्या दारात अतिथी येतो. मला माणसाचं मांस पाहिजे म्हणतो, ते पण तुमच्याच लेकराचं. आई-बाप चिलयाला शाळेतून बोलावून घेतात. चांगुणा त्याला मारते, रांधते. तोंड तरी बघायला मिळावं म्हणून शिर तेवढं बाजूला ठेवते. अतिथीला ते कळतं. म्हणतो, तेही उखळात कांड. डोळ्यात पाणी आणायचं नाही, गाणं म्हणत कांडायचं.

आमचं उखळ ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं होतं. काठाला मिरचीचा तांबडा रंग कायमचा बसलेला. आजी इथवर आली की आवाज खाली घ्यायची, पण थांबायची नाही. पुढं देव प्रसन्न होतो, चांगुणा हाक मारते, चिलया पळत येतो. ते ती भरभर उरकायची, जणू तिचाच त्यावर फारसा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी आई त्या उखळात तिखट कांडायला बसली की आम्ही भावंडं उंबऱ्याच्या आत यायचो नाही. एकदा धाकट्यानं धीर केला. “आई, पाव्हणा आला तर तू मला कांडशील का गं?” आईचा मुसळाचा हात थांबला नाही. म्हणाली, “येऊ तर दे मेल्याला. त्यालाच कांडते.”

धाकटा इतका खूश झाला की गल्लीभर सांगत सुटला.

आता वाटतं, तेवढं उत्तर ऐकायला मिळावं म्हणूनच ती गोष्ट होती. आई-बाप आपल्याला टाकतील, कुणाला तरी देऊन टाकतील, ही धास्ती प्रत्येक लेकराच्या पोटात असते आणि तिला तोंड नसतं. कोणतं मूल सरळ विचारील? चिलया बाळ आला की विचारता येतं. पोथीतली चांगुणा पतिव्रता, धन्य वगैरे असेल; आमच्या घरात तिच्यामुळं आईला देवाच्या विरोधात बोलायची संधी मिळाली, आणि आजी पलीकडं बसून हे ऐकत होती तरी तिनं टोकलं नाही.

भुताखेतांची गोष्ट वेगळी. ती भीती वरवरची, कामापुरती. गावाबाहेरच्या विहिरीला कठडा नसायचा, म्हणून काठावर शेंदूर फासलेले सात दगड आणि साती आसरांची दहशत. भर दुपारी विहिरीकडं गेलं की आसरा ओढून नेतात. पिंपळावर मुंजा, कारण तिन्हीसांजेला पोरांनी घरी यावं. जागलीहून एकट्यानं परतणाऱ्याला चकवा लागतो आणि तो रात्रभर त्याच शेताला फेऱ्या मारत राहतो, म्हणजे एकट्यानं निघू नये. या गोष्टींनी किती लेकरं बुडण्यापासून वाचली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण कठडा बांधण्यापेक्षा आसरा स्वस्त पडायच्या हे खरं. मोठं झालं की ही भीती कात टाकावी तशी गळून पडते. चिलया गळत नाही.

श्रावणातलीच शीतळासप्तमीची कहाणीही तशीच न गळणारी. राजा तळं बांधतो, पाणी लागत नाही, जळदेवता सुनेचं लेकरू मागते. सुनेला माहेरी धाडून राजा कार्यभाग उरकतो. कहाणी असल्यामुळं व्रताच्या पुण्याईनं लेकरू परत मिळतं. कानडी मुलखात हेच कथानक ‘केरेगे हार’ या गीतात आहे. तिथं बळी जाते ती भागीरथी नावाची सून, आणि ती परत येत नाही. आमच्या भागात पाण्यासाठी माणूस द्यावा लागतो, हे ऐकून कुणाला नवल वाटत नसे. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला आहे. खडी फोडायला गेलेल्या आया, शाळेत मिळणारी सुकडी, रेशनच्या मिलोच्या तांबड्या भाकरी ज्या गिळता गिळत नसत. त्या साली घरोघरी कुणाची ना कुणाची लेकरं मामाकडं, आत्याकडं ‘चार दिवस’ म्हणून धाडली गेली आणि वर्ष-वर्ष राहिली. पाण्यापायी लेकरू देणारा राजा आम्हाला राक्षस वाटला नाही. ओळखीचा वाटला, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटली.

पोतराजाबद्दलही सांगायला हवं. कमरेला रंगीत खणांचा घोळ, मोकळे केस, हातात आसूड. गल्लीच्या तोंडाशी आसुडाचा कडाड आवाज झाला की आम्ही आयांच्या पदराआड. न जेवणाऱ्या पोराला हमखास धाक, “देऊ का त्याच्या झोळीत?” त्या पोतराजालाही घर असेल, घरी आमच्याएवढं पोर असेल, हे कुणी सांगितलं नाही. ते मला पुष्कळ उशिरा एकनाथ आवाड यांच्या ‘जग बदल घालुनी घाव’ या आत्मकथनातून कळलं. आवाड आमच्याच बीड जिल्ह्यातले, दुकडेगावचे, वडील पोतराज. पुढं मानवी हक्क अभियान उभं करणारा हा माणूस ज्या घरात वाढला, तेच घर आमच्या आयांनी आमच्यासाठी बागुलबुवा करून ठेवलं होतं. म्हणून जुनं सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. आमच्या गोष्टींतल्या अंधारात जातीचा अंधार बेमालूम मिसळलेला होता. तो सांगणाऱ्यालाही दिसत नव्हता.

बायकांच्या बाबतीतही तेच. बळी जायची ती सून, दगड व्हायचं ते नवरीचं वऱ्हाड, रात्री उलट्या पायांनी हिंडायची ती बाळंतपणात मेलेली बाई. हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्या गावात एखाद्या एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून मारहाण होणं फार लांबचं नव्हतं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला; त्याआधी आणि नंतरही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांत येऊन भुताच्या गोष्टी सांगू नका म्हणायचे. त्यांचा राग मला समजतो. पण भूत खरं आहे असं सांगणं आणि भुताची गोष्ट सांगणं यांतला फरक आमच्या आजीलासुद्धा कळत होता. गोष्ट संपली की ती पदर झटकायची आणि म्हणायची, “चला, मुतून या आन् झोपा.”

छापील अंधार पहिल्यांदा हातात आला तो चांदोबातून. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला. बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, मद्रासेत छापलेला चांदोबा मात्र त्याच्या किती तरी आधी एसटीच्या टपावरून तालुक्याला पोचत होता. स्टँडवरच्या गाळ्यात तो दोरीला चिमट्यानं टांगलेला असे. आत विक्रम-वेताळ. शंकर या चित्रकाराचं ते चित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांत कायमचं बसलं आहे: राजाच्या हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, भोवती कवट्या आणि धूर. दर महिन्याला तेच. खांद्यावरचं मढं प्रश्न विचारतं, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. म्हणजे बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी. शाळेत फळ्यासमोर उभं राहणाऱ्या पोराला याहून खरी गोष्ट कुठली मिळणार? गंमत म्हणजे घरातल्या कुणालाही हे मासिक लेकरांच्या हातात देताना काही वाटलं नाही. ‘श्यामची आई’ देतानाही वाटलं नाही, आणि त्यात तर कर्ज आहे, जप्ती आहे, अब्रू जाणं आहे, आणि शेवटी आई मरते. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आम्ही ते वर्गात मोठ्यानं वाचायचो आणि वाचणाऱ्याचा आवाज फुटला की पुस्तक पुढच्या बाकावर जायचं.

आता माझ्या भाच्याची मुलगी पुण्यात असते. तिच्याकडं माझ्या सगळ्या बालपणात मिळून नव्हती एवढी पुस्तकं आहेत, गुळगुळीत कागदाची, देखणी. त्यांत काही खरंच फार चांगली आहेत, मी स्वतः मागून वाचते. पण त्यातल्या एका पुस्तकातली चिमणी-कावळ्याची गोष्ट वाचून मी चाट पडले. पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो, चिमणी लगेच दार उघडते, दोघं मिळून खीर खातात. आमच्याकडच्या सांगण्यात चिमणी बाळाला न्हाऊ घालू दे, तीट लावू दे करत त्याला पावसात ताटकळत ठेवते आणि शेवटी आत घेते ती तापल्या तव्यावर बसवायला. चिमणी दुष्ट आहे का? का नाही? कावळा आधी कसा वागला होता? आम्ही यावर भांडलेलो आहोत. खीर खाल्ल्यावर भांडायचं कशावर? भाच्याची बायको म्हणाली, “आत्या, तिला रात्री स्वप्नं पडतात हो.” पडतात. आम्हालाही पडायची. मी वाद घातला नाही. तिचं लेकरू, तिची झोप.

पण झोप अशी वाचत नाही, हे आमच्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. मार्च २०२५ मध्ये आरोपपत्रातले त्यांना झालेल्या मारहाणीचे फोटो बाहेर आले आणि एका रात्रीत फोनोफोनी पोचले. मोठ्यांना ते बघवले नाहीत. लेकरांनीही ते पाहिले, कारण फोन संध्याकाळी लेकरांच्याच हातात असतो. आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. घरच्यांना वाटलं, पोट बिघडलं. त्यानं काय पाहिलं हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. आणि विचारायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या शाळेच्या कपाटात शंभरभर गोष्टीची पुस्तकं आहेत, मी पाहिलेली आहेत. ससा, फुलपाखरू, मैत्री, स्वच्छता, पाणी वाचवा. एकाही पुस्तकात माणूस माणसाशी असं का वागतो याचा उच्चार नाही. चिलयाचा अतिथी, सुनेचा सासरा, मढ्याला खांद्यावर घेतलेला राजा, यांतलं कुणीही त्याच्या ओळखीचं नव्हतं.

आमच्या काळात अंधार कुणाच्या तरी आवाजातून यायचा. तो आवाज थांबवता यायचा, त्याला प्रश्न विचारता यायचा, त्याच्या मांडीवर झोपता यायचं. आता पुस्तकं आपण धुऊन-पुसून लख्ख केली आणि अंधार फोनमधून सुटा, किलोनं, बिनआवाजाचा सोडून दिला. दोन्ही एकाच दहा-पंधरा वर्षांत झालं. लख्ख पुस्तकं आणणारे आणि फोन हातात देणारे आई-बाप एकच, याचं मला सगळ्यात नवल वाटतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी लेकरांपुढं हा अंधार मांडलाच नाही असंही नाही. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ शाळेच्या पुस्तकात होती. मातीमोल भावामुळं बाप भर बाजारात स्वतःच पिकवलेले टमाटे पायांखाली तुडवतो आणि पोरगं बघत राहतं. ती शिकवताना वर्गात कुणी चुळबूळ करायचं नाही, कारण निम्म्या वर्गानं असा बाप पाहिलेला. शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांत मराठवाड्यात बीडचं नाव वरच असतं. म्हणजे वर्गावर्गात ज्याच्या घरी हे घडलं असं लेकरू बसलेलं असतं. त्याच्यासाठी फुलपाखराचं पुस्तक वाईट नाही. पण तेवढंच असलं तर त्याला वाटतं, आपल्या घरी जे झालं ते पुस्तकात मावत नाही, म्हणजे ते बोलायचं नसतं.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या भागातल्या एका हंगामी वसतिगृहात गोष्टी सांगायला जात होते. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर पाचटाच्या कोपीत राहायचं. लेकरं बरोबर गेली की शाळा बुडते, म्हणून गावातच त्यांची राहण्या-जेवणाची सोय. तिथले मास्तर भले माणूस. मला आधीच म्हणाले, “ताई, हलकंफुलकं सांगा. पोरं आधीच आई-बापाविना राहतात.” मी मान हलवली आणि हॅन्सेल-ग्रेटेल काढली.

ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या पुस्तकात लेकरांना रानात सोडायचं सुचवते ती सख्खी आई. पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई झाली. तिकडच्या वाचकांनाही ते झेपलं नसावं. कारण मात्र दोन्ही आवृत्त्यांत एकच, भूक. मी सख्खी आईच ठेवली. पोरांना जर्मन नावं बोलता येईनात, म्हणून त्यांनीच हणमंता आणि गिरजा केलं. घरात भाकर नाही, रात्री आई-बाप कुजबुजतात, लेकरं जागीच असतात आणि सगळं ऐकतात, इथं आल्यावर खोली गप्प झाली. मास्तर दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “का सोडलं असेल रं लेकरांना?”

मागून एक पोरगा म्हणाला, “उचल घेतली असंल त्यांनी.”

“हां,” दुसरा म्हणाला, “मग जावंच लागतंय.”

त्यांना तिथं फार थांबायचं नव्हतंच. पुढं काय, म्हणाले. मी त्यांना चेटकिणीच्या घराशी आणलं. भिंती गोड भाकरीच्या, खिडक्या साखरेच्या, आत मोठी थोरली भट्टी आणि लेकरांना कामाला लावणारी म्हातारी. तिसरीतली एक पोरगी गुडघ्यावर उठून बसली. “साखरंचं घर? आन् आत भट्टी?” सगळ्यांकडं बघत ती म्हणाली, “आरं, मंग त्यो कारखानाच हाय की!”

मग गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. कोणता कारखाना यावर जुंपली. एकाचे आई-बाप कोल्हापूरकडं, एकाचे कर्नाटकात, एकाचे बारामतीच्या बाजूला. ज्यानं त्यानं चेटकीण आपापल्या कारखान्यावर नेऊन बसवली. धुराड्याचा रंग, काट्यावरच्या गाड्यांची रांग, मळीचा वास, सगळं त्या रानात आलं. गिरजानं चेटकिणीला भट्टीत ढकलल्यावर त्या दोघा भावंडांनी तिच्या घरातलं सोनं नेऊन आधी मुकादमाची बाकी फेडली, असं बहुमतानं ठरलं. मास्तर आत येऊन सतरंजीच्या कडेला बसले होते. ढकलायचा भाग पोरांनी मला तीनदा सांगायला लावला, आणि तिसऱ्या वेळी तर सगळ्यांनी मिळून ढकललं.